एका दाढेपायी

देशकरांच्या क्वार्टरमध्ये एकही टोक उघडं नव्हतं. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या साड्यांच्या घड्या शिवून बांधलेल्या. पलंगाच्या पायांना तेच, शिलाई मशीनच्या कडेला तेच, दाराच्या कडीला सुती दोरी गुंडाळलेली. ओट्याच्या धारेला तर कुमुदमावशीने एक अख्खी सतरंजी कापून लावली होती. भोपाळची आमची ती टाउनशिप कारखान्याने वसवलेली. सगळी क्वार्टर्स एका साच्यातली. कुठल्याही घरात डोळे मिटून शिरलं तरी मोरी कुठे आणि देवघराचा कोनाडा कुठे हे सांगता यायचं. देशकरांच्या घरात मात्र डोळे मिटून शिरलं तर कुठेच काही लागायचं नाही.

शेजारच्या बायका हसायच्या. "कुमुदचं घर म्हणजे बाळंतिणीची खोली," असं म्हणायच्या. ते तिच्या कानावर जायचंच. मग ती गॅलरीत येऊन त्यांच्याहून मोठ्यांदा हसायची. "हसा बाप्पा, हसा. तुमची पोट्टी पडतात अन् उठतात. माझं पडलं की मला हिशेब द्या लागते."

कुमुदमावशी मूळची पुलगावची. उंच, सावळी, हाडापेराने मोठी. टाउनशिपच्या हिंदी शाळेत भूगोल शिकवायची. आवाज असा, की तिने आमच्या ब्लॉकमधून हाक मारली तर मैदानापलीकडच्या ब्लॉकमधली दुसरीच कुमुद ओ द्यायची. तिची हिंदी वर्गात छापील असायची आणि भाजीवाल्यापाशी आली की तिचं पार पुलगाव व्हायचं. "भैया, ये भिंडी तो निबर हो गई. कोवळी दिखाओ." तो भाजीवाला पुढे पुढे आमच्या गल्लीत शिरताना "कोवळी भिंडी ले लो" असंच ओरडायला लागला. कोवळी ही भेंडीची जात आहे असं त्याला अखेरपर्यंत वाटत होतं.

तिचा एकुलता एक मुलगा मिलिंद, मिलू, माझ्या वर्गात होता. गोरा, किडकिडीत, लांब पापण्यांचा. शाळेतून अधूनमधून आठवडाभर गायब व्हायचा आणि परत आला की लंगडायचा. गुडघा सुजून नारळाएवढा झालेला असायचा. हातापायांवर निळे डाग तर कायमचेच. मैदानावर खेळायची त्याला बंदी होती, पण मैदानावर यायची बंदी नव्हती. म्हणून तो अंपायर व्हायचा. कुठलाही खेळ असो, क्रिकेट, लंगडी, खो-खो, मिलू अंपायर. त्याने एकदा बोट वर केलं की भांडायचं नाही असा आमचा कायदा होता. तो कोणी केला आठवत नाही. मावशी गॅलरीत वह्या तपासत बसलेली असायची. तिचं एक लक्ष वह्यांवर आणि सगळं लक्ष मैदानावर.

तिला कशाची भीती होती ते मला एका दुपारी कळलं. आई आणि ती आमच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या आणि मी दाण्यांवर डोळा ठेवून तिथेच घुटमळत होते. आईने सहज विचारलं, "कुमुद, तू त्या पोराला इतकं का जपतेस गं?"

मावशीने शेंग मोडली, पण दाणे काढले नाहीत.

"आमच्या शरददादाचं तुम्हाला सांगितलं नाही का मी?" ती म्हणाली. "माझ्याहून मोठा. त्याची दाढ दुखून राहिली होती. बाजाराच्या दिवशी बाबा घेऊन गेले त्याला. झाडाखाली एक माणूस बसे, ताटलीत काढलेले दात मांडून. त्यानं पकड घातली न् काढली. मी होते संगं. मला वाटलं, अरे, एवढंच? बाबांनी आम्हाला दोघांनाही गुलाबी मिठाई घेऊन दिली, पण दादानं काही खाल्ली नाही. तोंडात रक्त होतं ना."

"मग?"

"मग थांबलंच नाही. हळद भरली, तुरटी भरली, चुना लावला, कोणी कोळ्याचं जाळं आणून भरलं. धारा नाही लागल्या हो, नुसतं पाझरत राहिलं. बसल्या बसल्या गिळे तो. शेवटी आईला म्हणाला, आई, उशी बदल ना, ओली झाली." "आईच्या भावाचंही म्हणे असंच झालं होतं. आमच्याकडच्या पोरांचं रक्त थांबत नाही. पोरींना काही होत नाही. आम्ही फक्त पाहतो."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मला बाहेर पाठवलं.

मिलूचे दुधाचे दात पडायला लागले तेव्हा आमच्या रांगेत फक्त आमच्याकडे फ्रीज होता. एकेक दात हलायला लागला की मावशी आमच्याकडे बर्फाचा ट्रे सांगून ठेवायची. दात पडला की ती शाळेतून रजा घ्यायची आणि त्याच्याजवळ बसून राहायची, तोंडात बर्फ, कापसाचा बोळा, पुन्हा बर्फ. दोन-दोन दिवस जायचे. ती कितीतरी डॉक्टरांकडे गेली. कोणी टॉनिक लिहून दिलं, कोणी कॅल्शियमच्या गोळ्या. एकाने देशकरकाकांना बाजूला घेऊन सांगितलं, बच्चा ठीक है, माताजी को वहम है. काका ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. अबोल माणूस. ते घरी येऊन काही बोलले नाहीत, पण वहम, म्हणजे मनाचे खेळ, हा शब्द त्यांच्या चेहऱ्यावरून तिने वाचलाच.

आम्ही सहावीत होतो तेव्हा मिलूची दाढ किडली. खालची, उजवीकडची. आधी तो लवंग चावत वर्गात बसायचा. मग गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना. मावशी त्याला भाताची पेज चमच्याने पाजायची आणि तो रडायचाही नाही, नुसता गाल धरून भिंतीकडे बघत राहायचा. अंपायर नसल्यामुळे आमची मैदानावर रोज भांडणं व्हायला लागली.

शेवटी काका तिला आणि मिलूला घेऊन शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्या डॉक्टरने दाढ पाहिली आणि म्हणाला, "दस मिनट का काम है, बहनजी. अभी निकाल देते हैं." मिलूला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. सुई भरून झाली आणि मावशी मध्ये उभी राहिली.

"मेरे भाई का भी दस मिनट का ही था," ती म्हणाली आणि गळ्यातल्या त्या कापडासकट मुलाला खुर्चीतून उतरवून रस्त्यावर घेऊन आली.

त्या संध्याकाळी देशकरकाकांचा चढलेला आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. भिंत एकच होती. "पोरगा दुखण्यानं मरून राहिला आणि तू तुझ्या भावाला घेऊन बसलीस!"

"दुखण्यानं कोणी मरत नाही," मावशीचा आवाज उलट अगदी खाली होता.

टाउनशिपच्या हॉस्पिटलमध्ये त्याच सुमाराला एक नवी डॉक्टरीण आली होती. लखनौकडची, बुटकी, वेणी घालणारी. कॉलेजातली मुलगी वाटायची. मावशी तापाचं औषध मागायला तिच्याकडे गेली, दाढेचं औषध मागायची तिची हिंमतच संपली होती. डॉक्टरणीने मिलूचा गाल पाहिला, मग गुडघे पाहिले, मग दंडावरचे डाग. पेन खाली ठेवून तिने विचारलं, "आपके मायके में और किसको ऐसा होता था?"

मावशी पुढे कित्येकदा हे सांगायची. म्हणायची, इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगून राहिले, सांगून राहिले, पण विचारलं कोणी नव्हतं.

तपासण्या झाल्या. रक्त न गोठण्याचा तो आजार आईकडून मुलाला येतो, मुली तो नुसता वाहून नेतात, हे कळलं. त्या दिवशी ती रिक्षातून उतरली ती आधी स्वतःच्या घरात न जाता आमच्याकडे आली. "नाव आहे त्याला!" ती आईचे दोन्ही हात धरून म्हणाली. "नाव आहे हो त्या रोगाला! मी वेडी नाही." बाई हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो रोग तिच्याकडूनच मुलाकडे गेला होता, हे तिच्या ध्यानात यायला पुढचे दोन-तीन दिवस लागले. मग मात्र ती बराच काळ गॅलरीत दिसली नाही.

दाढ काढायलाच हवी होती, पू जबड्यात उतरत होता. डॉक्टरणीने शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात सोय केली. दाढ काढण्याआधी आणि नंतर काही दिवस मिलूला रक्तातला तो गोठवणारा भाग चढवत राहायचं, आणि त्यासाठी ताजं रक्त हवं, एकाचं नाही, पुष्कळांचं. देशकरकाकांना कोणाकडे काही मागता यायचं नाही. ते कँटीनमध्ये चहाचा ग्लास हातात धरून नुसते उभे होते, तेव्हा माझ्या बाबांनी त्यांना काय झालं म्हणून विचारलं आणि बातमी फुटली.

पहिली पाळी सुटली आणि माणसं घरी न जाता तशीच निघाली. फोरमन, फिटर, ड्राफ्ट्समन, स्टोअरचे क्लार्क. आमच्या ब्लॉकमधले झाडून सगळे पुरुष. कोणी सायकलने, कोणी कारखान्याच्या बसने. बाबा ग्रीसचे हात टर्पेंटाइनने पुसतच गेले होते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीतले गेले. शर्माजी म्हणे आडवे व्हायला तयारच होईनात. "बैठे-बैठे ले लो, लेटे तो डर लगता है," म्हणाले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मावशी प्रत्येकाच्या हातात मोसंबीच्या रसाचा पेला देत होती आणि प्रत्येकाला एकच सांगत होती, "आता तुम्ही त्याचे मामा झालात."

दाढ निघाली. दहाच मिनिटं लागली. रक्त आलं आणि थांबलं. कुमुदमावशीने स्वतःच्या डोळ्यांनी ते थांबताना पाहिलं.

मिलू घरी आला तेव्हा तिने सगळ्या टाउनशिपला पेढे वाटले. त्यानंतरचे महिने मी तिला जितकी मोकळी पाहिली तितकी पूर्वी कधी पाहिली नव्हती. तिने टेबलाच्या एका कोपऱ्याची घडी सोडूनही टाकली. मिलू पेरू खायचा, कच्चा, करकरीत, दोन्ही गालांनी. मैदानावर पुन्हा बोट वर करायला लागला. त्याचा आवाज फुटायला आला होता आणि "आउट" म्हणताना तो मध्येच किनरा व्हायचा. आम्ही हसायचो, तोही हसायचा.

मग एक दिवस तो मैदानावर बसून राहिला. पाय दुखत नाहीत, नुसतं मळमळतंय म्हणाला. उन्हात त्याचे डोळे पिवळे दिसत होते. मी घरी जाऊन आईला सांगितलं.

कावीळ टाउनशिपमध्ये कोणाला ना कोणाला व्हायचीच. मावशीने उसाचा रस दिला, बिनातेलाचं जेवण दिलं, फारशी घाबरली नाही. घाबरायचं ते रक्ताला, हे तिला माहीत होतं. रक्ताचा तर थेंब कुठे नव्हता. पण मिलू झोपायला लागला. दिवसा, जेवताना, बोलता बोलता. हाक मारली तर उलटसुलट बोलायचा. पुन्हा त्याच मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथे आठवड्याच्या आत तो गेला.

तेव्हा बाबा आणि आणखी चार-पाच जण हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होते. पुन्हा रक्त लागलं तर असावं म्हणून आलेले. आत मोठे डॉक्टर देशकरकाका आणि मावशीशी बोलत होते, दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे बाबांनी सगळं ऐकलं. डॉक्टर सांगत होते की ही कावीळ पाण्यातून आलेली नाही. चढवलेल्या रक्तातून आली असणार. ज्याचं रक्त आहे त्याला स्वतःला काही होत नसेल, त्याला ठाऊकही नसेल. अशी कावीळ आधीच ओळखायची तपासणी त्या काळी सगळीकडे होत नव्हती. पण आता सगळ्यांचे नमुने मुंबईला पाठवता येतील. कोण ते कळू शकेल. आपण म्हणाल तर.

मावशी म्हणाली, "नहीं. नाम नहीं चाहिए."

डॉक्टरांनी समजावलं की त्या माणसाच्याही भल्याचं आहे. ती म्हणाली, "तो सबको दवाई दे दो. नाम मुझे नहीं चाहिए, और किसी को भी नहीं."

अशा वेळी देण्यासारखं औषधही तेव्हा नव्हतं. तो विषय तिथेच राहिला. ती बाहेर आली तेव्हा व्हरांड्यातली माणसं भिंतीला चिकटून उभी होती. तिने प्रत्येकाकडे पाहिलं. "घरी जा सगळे," ती म्हणाली. "जेवले नसाल."

त्या वर्षी दिवाळीला देशकरांकडे काही केलेलं नव्हतं, करायचंही नव्हतं. पण पुढच्या वर्षी मावशीने फराळ केला आणि रक्त दिलेल्या प्रत्येक घरी डबा पाठवला. दर वर्षी पाठवत राहिली. आमच्याकडे तो डबा आला की बाबा बाहेर निघून जायचे. चकली तर ते पूर्वी आवडीने खायचे. शर्माजींनी बदली मागून घेतली. एक फिटर होते, त्यांनी मावशीसमोर यायचंच सोडलं. ती समोरून दिसली की ते सायकलवरून उतरून चेन बसवायला लागायचे. व्हरांड्यात ऐकलेलं ब्लॉकभर पोचलं होतं आणि आमच्या ब्लॉकमधल्या प्रत्येक पुरुषाला मनातून वाटत होतं की ते रक्त आपलंच. कोणी कोणाला विचारलं नाही. कारखान्यात रक्तदानाचा कार्यक्रम झाला की आमच्या ब्लॉकमधून कोणी जायचं नाही.

मावशीने शाळा सोडली नाही. आवाज तसाच राहिला, भाजीवाल्याशी घासाघीसही. फक्त टेबलाचा जो कोपरा तिने सोडला होता तिथे तिने पुन्हा घडी बांधली. आईने एकदा धीर करून म्हटलं, "आता कशाला गं?" तर म्हणाली, "असू द्या. मला सवय झाली, उघडं टोक दिसलं की हात आपसूक बांधायला जाते."

वर्षं गेली. काका-मावशी निवृत्त होऊन बाग सेवनियाला स्वतःच्या छोट्या घरात गेले. काका तिथेच वारले. आमचं घर इंद्रपुरीत झालं, मी लग्न होऊनही भोपाळातच राहिले. बाबांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं, त्याआधीच्या तपासण्यांत कावीळ निघाली. तीच, रक्तातली. तरुण डॉक्टरने बाबांना विचारलं, "अंकल, ये कब से है?" आणि बाबांचा चेहरा असा झाला की मी त्यांचा दंड धरला.

मी पुष्कळ समजावलं. हे केव्हा आलं ते कोणीही सांगू शकत नाही. न्हाव्याच्या वस्तऱ्यातून आलं असेल, एखाद्या इंजेक्शनच्या सुईतून, मिलूनंतर कितीतरी वर्षांनी. बाबा ऐकून घेत होते. "असेल," म्हणाले. "मला वहिनींकडे घेऊन चल."

कुमुदमावशी ओसरीत मेथी निवडत बसली होती. पाठ वाकली होती, चष्मा जाड झाला होता. बाबांना पाहून तिला आनंद झाला, इतका की बाबांना सुरुवातच करता येईना. शेवटी ते खाली बघूनच बोलले. तपासणीचं सांगितलं, काय निघालं ते सांगितलं. "वहिनी, ते माझंच होतं बहुतेक," म्हणाले.

ती मेथी निवडत राहिली. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही.

"तुम्ही काहून आलात भाऊजी?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मी नाव नको म्हटलं, ते तुमच्यासाठी म्हटलं असं वाटलं का तुम्हाला? माझ्यासाठी म्हटलं. कोणाचं ते ठाऊक नव्हतं म्हणून मी सगळ्यांशी बोलू शकले. तुमच्या घरी आले, शर्माजींच्या पोरीच्या लग्नाला गेले. कोणाच्याही तोंडाकडे पाहून मला राग येत नव्हता. आता मी काय करू? आता तुमच्याकडे पाहिलं की मला ते दिसणार."

बाबांनी हात जोडले. ती म्हणाली, "खाली करा ते हात." मग उठली, आत गेली, चहा करून आणला. आम्ही तो प्यायलो. निघताना तिने मला मेथीची एक जुडी बांधून दिली. बाबांना काही म्हणाली नाही आणि फाटकापर्यंतही आली नाही.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. दिवाळीला डबाही आला नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बाबांनीही तिच्याबद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाही. मला आधी वाटलं होतं की सांगून त्यांना हलकं वाटेल. तसं झालं नाही. दोघांपैकी कोणालाच झालं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. मी तिला कळवलं नव्हतं. काय म्हणून कळवायचं ते सुचलं नाही. पण भोपाळातल्या मराठी घरांत बातमी कळायला उशीर लागत नाही. बाबांना खाली हॉलमध्ये ठेवलं होतं. बायका आईभोवती बसल्या होत्या. फाटकाशी रिक्षा थांबली आणि कुमुदमावशी उतरली. एकटीच, काठी टेकत. ती आईकडे गेली नाही, माझ्याकडेही नाही. सरळ बाबांपाशी आली आणि कण्हत, गुडघे दाबत खाली बसली.

तिने चादरीखालून बाबांचा हात बाहेर काढला. बाही वर सारली. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे रक्त घेताना सुई टोचतात, तिथे तिने आपला तळवा ठेवला आणि ठेवून दिला. पोरांच्या तापल्या कपाळावर ठेवतात तसा. माझा चुलतभाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "नाडी बघताहेत का त्या?" मी त्याला गप्प केलं.

खूप वेळाने तिने बाही खाली ओढली, हात आत ठेवला, चादर सारखी केली. उठायला मी आधार दिला. तो तिने घेतला. फाटकाशी रिक्षावाला खोळंबून उभा होता. तिने त्याला "चलो भैया" म्हटलं आणि मागे न पाहता आत बसली.